अकराशे त्रेसष्ट दिवस चाललेला सर्व्हर

डोळ्यांच्या त्या दवाखान्यात तळमजल्याच्या टोकाला, चष्म्याच्या दुकानाला लागून एक बारकी खोली होती. तिच्या काचेच्या दारावर आतून एक कागद चिकटवलेला असे आणि त्यावरचा आकडा रोज सकाळी एकाने वाढत असे. लोकांना तो टोकन नंबर वाटायचा. काही पेशंट आपला नंबर येईल म्हणून तिथे तासतासभर उभे राहिलेले आहेत. खरं तर दवाखान्याचा सर्व्हर एकदाही न थांबता सलग किती दिवस चालला आहे याचा तो हिशेब होता. तो लिहिणाऱ्या गृहस्थांना दवाखान्यात सगळेजण सर्व्हरकाका म्हणत.

त्या मंगळवारी कागदावर अकराशे त्रेसष्ट लिहायचं होतं. काकांनी पेनाचं टोपण काढलं, दारापाशी वाकले आणि वाकलेलेच राहिले. सर्व्हरची घरघर ऐकू येत नव्हती.

पहाटे दहा मिनिटं वीज गेली होती आणि यूपीएसच्या बॅटरीने पहिल्याच मिनिटाला मान टाकली होती. काकांनी बटण दाबलं. मशीन सुरू झालं, पंखे फिरले, हिरवे दिवे लागले. पण ज्याच्यासाठी हा सगळा संसार मांडला होता तो डेटाबेस काही उठेना. सुरू करायला सांगितलं की चार सेकंद विचार केल्यासारखं करायचा आणि पडायचा. काकांनी पुन्हा सांगितलं, तो पुन्हा पडला. तिसऱ्यांदा काकांनी हात जोडून सांगितलं. तेव्हा तो तीनच सेकंदांत पडला.

दवाखान्याचा सगळा जीव त्या डेटाबेसमध्ये होता. कोणाचा उजवा डोळा, कोणाचा डावा, कोणाला कुठलं औषध चालत नाही, आणि मुख्य म्हणजे मोतीबिंदू काढल्यावर कोणाच्या डोळ्यात कुठल्या नंबरचं भिंग बसवायचं. भिंगाचा नंबर स्वतःच्या डोळ्यांनी पडद्यावर पाहिल्याशिवाय मोठ्या बाई चाकूला हात लावत नसत. मोठ्या बाई म्हणजे दवाखान्याच्या मुख्य डॉक्टर. त्या दिवशी अकरा ऑपरेशनं होती. अकराही जणांच्या डोळ्यांत आठ वाजल्यापासून बाहुली मोठी करायचे थेंब पडत होते आणि बाहेरच्या हॉलमध्ये ते एका रांगेत, धुक्यात बसल्यासारखे बसले होते.

त्या रांगेत चौथ्या खुर्चीवर काकांच्या सासूबाई होत्या. आणि सासूबाईंच्या शेजारी, त्यांची पिशवी मांडीवर घेऊन, काकांचे थोरले साडू बसले होते.

इथे या साडूंबद्दल थोडं सांगायला हवं, कारण काका त्यांच्याबद्दल कधीच थोडं सांगू शकत नसत. काकांच्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. दोघेही शिक्षणाने इंजिनियर, दोघांचंही काम सर्व्हरचंच. पण सासरी 'इंजिनियरसाहेब' म्हटलं की थोरले वळून बघत. काकांची ओळख करून देताना सासूबाई म्हणत, "हे आमचे धाकटे. हे दवाखान्यात असतात." ऐकणारा माणूस हमखास हळू आवाजात विचारायचा, "काय होतंय त्यांना?"

साडू उंच होते, केस शाबूत होते, आवाज बातम्या देणाऱ्यासारखा होता. ते कधी कोणाला दुखवत नसत, आणि काकांना सगळ्यात जास्त खुपायचं ते हेच. माणूस उद्धट असता तर निदान उघडपणे नावं ठेवता आली असती. बावीस वर्षांत काकांनी त्यांना कुठल्याही नावाने हाक मारलेली नव्हती. वेळ आलीच तर ते आधी खोकत आणि साडूंनी वर बघितलं की बोलायला सुरुवात करत.

सव्वातीन वर्षांपूर्वी कोणाच्या तरी वाढदिवसाला साडू सहज बोलून गेले होते, "आमचा सर्व्हर नऊशे दिवस झाले, बंद म्हणून नाही." त्यावर सासूबाई म्हणाल्या होत्या, "बाई बाई! यंत्रंसुद्धा जावईबापूंचं ऐकतात." काकांनी त्याला उत्तर दिलं ते थेट दुसऱ्या दिवशी सकाळी, कागदावर. त्यांनी सर्व्हर एकदा बंद करून चालू केला, दारावर 'एक' असा आकडा लावला आणि त्यानंतर आजतागायत त्याला थांबू दिलं नव्हतं. सर्व्हर बनवणाऱ्या कंपनीचं दर तिमाहीला पत्र यायचं, की कृपया एकदा बंद करून चालू करावा. काका त्यावर 'नंतर' असं लिहून सही करत. फाइलमध्ये अशी बारा 'नंतर' होती.

आता साडेआठ वाजले होते आणि आकड्यावर पाणी पडलंच होतं. पण आकडा गेला म्हणून रडायलाही फुरसत नव्हती.

काका कामाला कच्चे नव्हते. डिस्क भरली आहे का ते त्यांनी पाहिलं. भरली नव्हती. झटक्याने बंद पडताना डेटाबेस कधीकधी 'मी चालू आहे' अशी चिठ्ठी ठेवून जातो आणि मग परत आल्यावर आपलीच चिठ्ठी वाचून आत यायला बिचकतो. तशी एक चिठ्ठी सापडली. काकांनी ती पुसली. डेटाबेस पडला. मग त्यांनी लॉग उघडला, म्हणजे पडतापडता सर्व्हर जी कारणं लिहून ठेवतो ती वही. शेवटची ओळ होती: 'मेमरी मिळत नाही.'

"अस्सं!" काका म्हणाले.

विजेच्या धक्क्याने मेमरीची पट्टी गेली असणार, हे इतकं उघड होतं की त्यांना दुसरं काही सुचलंच नाही. त्यांनी मशीनचं झाकण काढलं, दोन्ही पट्ट्या बाहेर काढल्या आणि खोडरबराने त्यांचे सोनेरी दात घासले. सगळा धंदा जगभर बदलला तरी हा खोडरबर काही सुटलेला नाही. पट्ट्या परत बसवल्या, फुंकर मारली, बटण दाबलं. मशीनने सोळाच्या सोळा जीबी मोजून दाखवली. पट्ट्या ठणठणीत होत्या. डेटाबेस पडला.

सव्वानऊला हेडसिस्टर दारात आल्या.

"काका, मोठ्या बाई विचारतायत किती वेळ."

"होतंच आलंय."

"हेच सांगू?"

"हेच सांगा."

सिस्टर गेल्या आणि पाच मिनिटांत परत आल्या. "बाई म्हणाल्या, दहाला सुरू झालं नाही तर अकराही जणांना घरी पाठवते. पुढची तारीख सहा आठवड्यांनी. आणि काका, रागावू नका, पण चौथ्या खुर्चीवरच्या आजी म्हणतायत की त्यांचे मोठे जावई इंजिनियर आहेत, त्यांना एकदा बघू दे. बाई म्हणाल्या, बघू दे."

"त्या आजींना सांगा की हे जे आत बसलेत तेही जावईच आहेत."

"सांगितलं. त्या म्हणाल्या, ते माहितीये, म्हणूनच."

तेवढ्यात फोन वाजला. बायको होती.

"अहो, आईचं ऑपरेशन तुमच्यामुळे अडलंय म्हणे?"

"कोण म्हणतं?"

"ताईचा फोन होता. भाऊजी बघतायत ना आता? मग काळजी नाही. तुम्ही नुसते बाजूला उभे राहा हं, मध्ये मध्ये करू नका."

काकांनी फोन ठेवला तेव्हा साडू दारात उभे होते. सासूबाईंची पिशवी अजून त्यांच्या हातात होती. "येऊ का?" त्यांनी विचारलं. विचारलं! काकांच्या अंगाचा तिळपापड झाला. परवानगी मागणाऱ्याला नाही कसं म्हणायचं?

खोलीत खुर्ची एकच होती. साडू तीत बसले, खालची कळ ओढून ती दोन बोटं वर घेतली आणि म्हणाले, "हां, बोल. काय काय केलंस?"

काकांनी सांगितलं. साडू मान हलवत ऐकत राहिले. "छान. चिठ्ठी बघितलीस, डिस्क बघितलीस, पट्ट्या बघितल्यास. मीही याच क्रमाने गेलो असतो." काकांना वाटलं, शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

"कॉन्फिग?" साडूंनी विचारलं.

"त्यात काय बघायचंय? मी हात लावलेला नाही त्याला."

"तरी एकदा बघू या ना. वरून खाली. पाच मिनिटं."

कॉन्फिग म्हणजे सर्व्हरने कसं वागायचं याची लेखी आज्ञा. पाचशे ओळींची फाइल. साडू वाचायला लागले. त्यांची बोटं कीबोर्डवर पडायची तीही आवाज न करता. काकांच्या कीबोर्डची 'ई' गेली पाच वर्षं ठोकल्याशिवाय उठत नव्हती. ती या माणसाच्या नुसत्या स्पर्शाने उठत होती. घरची माणसं फिरली ते एक वेळ समजू शकतं, पण स्वतःचा कीबोर्ड?

साडू शंभराव्या ओळीवर आले आणि त्याच वेळी काकांना आठवलं.

दोन वर्षांपूर्वी साडूंच्या नव्या फ्लॅटच्या गच्चीत उभे असताना साडू म्हणाले होते, "हल्ली मेमरीला काही कमी नाही रे. आम्ही नुसत्या डेटाबेसला बत्तीस जीबी दिलीय." त्या वेळी काकांच्या अख्ख्या मशीनमध्ये सोळा होती. काकांनी दुसऱ्याच दिवशी जास्तीच्या मेमरीसाठी अर्ज टाकला आणि ती येणारच या खात्रीने फाइलमध्ये आकडा भरूनही ठेवला. चौसष्ट. नुसता आकडा भरून समाधान झालं नाही म्हणून त्याच्या वर एक टीपही लिहिली. ओळीच्या आधी जाळीची खूण केली की पुढचा मजकूर सर्व्हर वाचत नाही, तो माणसांसाठी असतो. काकांच्या डोळ्यांसमोर तेव्हा साडूंखेरीज दुसरं कोणी माणूस नव्हतं.

पुढे खरेदी समितीने अर्ज वाचला, चर्चा केली आणि हॉलसाठी खुर्च्या घेतल्या. मेमरी आली नाही. आकडा तसाच राहिला. आणि राहिला तरी कोणाचं काही बिघडलं नाही, कारण मेमरीचा आकडा सर्व्हर फक्त उठताना वाचतो आणि तेव्हाच तेवढी मेमरी मागतो. एकदा चालायला लागला की फाइलमध्ये कोणी काय लिहून ठेवलंय याच्याकडे तो ढुंकून बघत नाही. कोणी त्याला मधे एकदा जरी निजवून उठवलं असतं तरी दोन वर्षांपूर्वीच, एखाद्या निवांत रविवारी, हे बिंग फुटलं असतं. पण निजवणार कोण? दारावर आकडा होता.

साडू दीडशेव्या ओळीवर होते. टीप दोनशे चाळीसच्या आसपास असावी.

काका खोकले. साडूंनी वर बघितलं.

"चहा घेता?"

"नंतर घेऊ." एकशे सत्तर.

"खालचं सगळं मूळचंच आहे. कंपनीचं. त्यात काही नसतं."

"हो, नसतंच सहसा." एकशे नव्वद.

"त्यापेक्षा मला वाटतं, मदरबोर्डच गेलाय."

"मदरबोर्ड गेला असता तर आपण ही फाइल कशावर वाचतोय?" साडू सौम्यपणे म्हणाले. दोनशे दहा.

काकांनी विजेच्या बटणाकडे पाहिलं. ते हाताच्या अंतरावर होतं. एक क्षण, अगदी एकच क्षण, त्यांनी अकरा पेशंट एका बाजूला ठेवले आणि ती ओळ दुसऱ्या बाजूला ठेवली. बाहेरून सासूबाईंचा आवाज आला, "जावईबापू आत गेलेत ना, आता होईल." काकांचा हात त्या बटणाकडे दोन इंच सरकला आणि तिथेच थांबला, कारण साडूही थांबले होते.

पडद्यावर होतं:

*# साडूचे ३२. आपले ६४. बसा आता बोंबलत.*

खाली, सरकारी भाषेत, चौसष्ट जीबीची आज्ञा.

साडूंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि ती ओळ पुन्हा वाचली. तिच्यात असं अवघड काही नव्हतं.

"मशीनमध्ये किती आहे म्हणालास?"

"सोळा."

"हं."

साडूंनी चौसष्टच्या जागी चार केलं. मग वरची टीप निवडली आणि पुसून टाकली. फाइल जतन केली. डेटाबेसला सुरू हो म्हणून सांगितलं. तो चार सेकंद विचार करत राहिला, मग पाच, मग सहा, आणि उठला. एकामागून एक पेशंटांची यादी पडद्यावर आली. नऊ वाजून बावन्न मिनिटं झाली होती.

काकांना आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही असं नाही, पण तो बाहेरच्या हॉलमध्ये कुठेतरी झाल्यासारखा वाटला.

मोठ्या बाई स्वतःच आल्या. हिरवे कपडे, डोक्याला टोपी. दारातूनच म्हणाल्या, "झालं? काय होतं नेमकं?"

काकांनी तोंड उघडलं, पण साडू आधी बोलले. "विशेष काही नाही मॅडम. पहाटे वीज गेली त्याचा धक्का. यांनी नव्वद टक्के काम करूनच ठेवलं होतं. मी नुसतं शेवटचं बटण दाबलं." असं म्हणून त्यांनी काकांच्या पाठीवर हात ठेवला. हात उबदार होता.

काका सुटले होते. टीप पुसलेली होती, आकडा बदललेला होता, आणि जगात दोनच माणसांना ठाऊक होतं, त्यातला एक कधी बोलणार नव्हता. साडू खरंच बोलले नसते. बायकोलासुद्धा सांगितलं नसतं. आणि तेच काकांच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं: पुढची तीस वर्षं. प्रत्येक वाढदिवस, प्रत्येक बारसं, प्रत्येक पंगत. समोर बसून काहीही न बोलणारे साडू. त्यांनी चारचौघांत सांगितलं असतं तर भांडता आलं असतं, चार दिवस तोंड लपवता आलं असतं. पण न सांगण्याचं काय करायचं? माणसाकडे उंची होती, केस होते, गाडी होती, बत्तीस जीबी होती. आता मनाचा मोठेपणाही त्याच्याच खात्यावर जाणार आणि त्याला खर्च काकांचा!

"मॅडम," काका म्हणाले, "विजेचा काही संबंध नाही. चूक माझी आहे."

पाठीवरचा हात उचलला गेला.

"अरे..." साडू म्हणाले.

"मी मेमरीचा आकडा चुकीचा भरून ठेवला होता. चौसष्ट. मशीनमध्ये सोळा आहे. दोन वर्षं तसाच होता. कंपनीने बारा वेळा बंद करून चालू करा म्हणून सांगितलं, मी केलं नाही. केलं असतं तर तेव्हाच कळलं असतं."

मोठ्या बाईंना आश्चर्य वाटल्याचं कोणी कधी पाहिलं नव्हतं. त्यांची एक भुवई टोपीच्या आत गेली. "चौसष्ट का भरलंत?"

"यांच्याकडे बत्तीस होती म्हणून."

बाईंनी काकांकडे पाहिलं, साडूंकडे पाहिलं आणि पुन्हा काकांकडे पाहिलं. डोळ्यांच्याच डॉक्टर असल्यामुळे त्यांना फार वेळ लागला नाही.

"तो दारावरचा कागद काढा," त्या म्हणाल्या. "महिन्यातून एकदा बंद करून चालू करायचं, रविवारी, आणि मला कळवायचं. बाकीचं लेखी देते." जाताजाता थांबल्या. "पण सांगितलंत ते बरं केलंत. इथे स्वतःहून कोणी सांगत नाही. मला सगळं डोळ्यांत टॉर्च मारूनच शोधावं लागतं."

बाई गेल्या. साडू खुर्चीतून उठले, पिशवी घेतली.

"मी सांभाळून घेतलं होतं ना रे."

"माहितीये."

"मग?"

"मग काय?"

साडूंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. ते म्हणाले, "आम्हीही हल्ली महिन्याला रीस्टार्ट करतो. नऊशेच्या पुढे मी मोजलंच नाही कधी." हे ऐकून काकांना जेवढं वाईट वाटायला हवं होतं तेवढं वाटलं नाही. ते नंतर वाटेल म्हणून त्यांनी बाजूला ठेवलं.

सासूबाईंचं ऑपरेशन छान झालं. डोळ्यावर पांढरी वाटी लावून त्या बाहेर आल्या तोवर हेडसिस्टरनी सगळी हकिकत रांगेला ऐकवलेली होती, चारचार शब्द पदरचे घालून. सासूबाई ज्या दिशेला काका असतील असं त्यांना वाटलं त्या दिशेला वळल्या आणि चष्म्याच्या जाहिरातीला म्हणाल्या, "मोठ्या डॉक्टरीणबाईंपुढे खरं बोललात म्हणे. आमच्या थोरल्यांनासुद्धा जमलं नसतं हो."

काका जाहिरातीच्या बाजूला जाऊन उभे राहिले. त्यांनी साडूंकडे चोरून पाहिलं. साडू हसत होते, पण हसू ओठांच्या पुढे जात नव्हतं आणि पिशवीचे बंद त्यांनी बोटाला गुंडाळून गुंडाळून करकचून टाकले होते. हे सगळं काकांच्या चांगल्या ओळखीचं होतं. फक्त त्यांनी ते आजवर आतून पाहिलं होतं. बाहेरून ते इतकं केविलवाणं दिसत असेल याची त्यांना कल्पना नव्हती. थोडी दया आली. फार नाही.

शुक्रवारी मेमो मिळाला. 'आपल्या निष्काळजीपणामुळे शस्त्रक्रियांना विलंब झाला, यापुढे असे घडल्यास' वगैरे. काकांनी तो उभ्याउभ्या वाचला, मग बसून वाचला आणि घरी नेला.

"मेमो मिळालाय आणि हसताय काय?" बायकोने विचारलं.

"हसतोय कुठे?"

रात्रीच्या जेवणाआधी फोन आला. साडू होते. आधी सासूबाईंच्या थेंबांच्या वेळा झाल्या, मग हवापाणी झालं. मग साडू खोकले.

"ते लेखी देणार होत्या ना बाई? दिलं का?"

"दिलं."

"हं. त्यात... म्हणजे माझा काही उल्लेख?"

काकांनी मेमो उलगडला आणि पुन्हा एकदा, न घाई करता, पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत नजर फिरवली.

"नाही," ते म्हणाले.

"बाहेरून मदत घेतली, असं काही?"

"नाही. सगळं माझंच नाव आहे."

पलीकडे साडू पुन्हा खोकले. काका कानाला फोन लावून ते खोकणं ऐकत राहिले.